राजीनामा लिहू नका, आणि लाइक करायचे दीडशे रुपयेही घेऊ नका

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. घरबसल्या खात्रीचं ऑनलाइन काम कुठलं, सरकारचा महिना 5,000 रुपये बेरोजगार भत्ता मिळतो का, आणि टेलिग्रामवरच्या ज्या मॅडमनी व्हिडिओ लाइक करायचे 150 रुपये खरोखर खात्यात टाकले त्यांच्यावर विश्वास ठेवावा का. पण प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, "एचआर म्हणतायत राजीनामा मेल करा, म्हणजे फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) लवकर निघेल." तुमच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा हे वाक्य महाग आहे, म्हणून आधी त्यावर बोलते.

मी भोसरीत छोट्या कारखान्यांचं पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआयसीची (सरकारी कामगार विम्याची) कामं करते. म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. राजीनामा का मागतात ते मला नीट माहीत आहे. राजीनामा आला की तुम्ही स्वतःहून गेलात असं होतं आणि कामावरून कमी केल्याची भरपाई द्यावी लागत नाही.

तुम्ही दिलेले आकडेच धरू. चाकणच्या कंपनीत स्टोअर आणि डिस्पॅच, मार्च 2017 पासून, म्हणजे नऊ वर्षं पूर्ण. पगार 19,500, त्यात बेसिक-डीए 12,000. कंपनीने तुम्हाला कमी केलं तर दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो, म्हणजे 135 दिवस. रोजचे 650 धरले तर 87,750 रुपये. नोटिशीचा महिना वेगळा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे कामगार कायदे लागू झाले, तरी हा 15 दिवसांचा हिशोब तोच राहिला. उलट भर पडली आहे: कमी केलेल्या कामगारासाठी मालकाने आणखी 15 दिवसांच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची, आणि ती 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात यायची. राजीनामा दिलात की यातलं काहीच नाही. उरते ती ग्रॅच्युइटी. पाच वर्षांच्या पुढे ती राजीनाम्यावरही मिळते, 12,000 ला 26 ने भागून गुणिले 15 गुणिले 9, म्हणजे 62,300 च्या आसपास. ती देऊन कंपनी तुमच्यावर मेहेरबानी करत नाही.

"लवकर निघेल" हेही खरं नाही. कामावरून काढा नाहीतर राजीनामा घ्या, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असा आता कायदा आहे. ग्रॅच्युइटीला 30 दिवस.

मेलला उत्तर द्यायचं असेल तर दोन ओळी पुरे. "मी स्वतःहून नोकरी सोडू इच्छित नाही. कंपनीला मला कमी करायचे असल्यास कृपया तसे कारणासह लेखी कळवावे." भांडण नको, टोमणे नकोत, आणि हा मेल स्वतःच्या खासगी मेलवर कॉपी करा. "एक्स्पिरिअन्स लेटर देणार नाही" अशी धमकी येईल. येऊ दे. नऊ वर्षांची नोंद पीएफच्या पासबुकात महिन्यागणिक आहे आणि हल्ली नव्या कंपन्या तीच तपासतात. तुमच्या पदात 'एक्झिक्युटिव्ह' आहे म्हणून तुम्ही कामगार नाही, असंही कोणी म्हणेल. कायदा पदाचं नाव बघत नाही, रोज काय काम करता ते बघतो. माल मोजणं, चलन करणं, नोंदी ठेवणं हे कारकुनी काम आहे.

एकच अपवाद सांगते. कंपनी जर वरची सगळी बेरीज ओलांडेल अशी रक्कम लेखी देत असेल आणि सहीच्या आधी पैसे खात्यात येत असतील, तर घरी बसून हिशोब करा. तोंडी आश्वासनावर मात्र काहीही लिहून देऊ नका. अडलंच तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार देता येते आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून औद्योगिक कामगाराला वकील मोफत मिळतो. त्यांची हेल्पलाइन 15100.

आता भत्त्याचं. महाराष्ट्रात सगळ्या बेकारांना दरमहा 5,000 देणारी योजना नाही. तुम्ही पाहिलेला तो व्हिडिओ आणि तसल्या दहा वेबसाइट मीही पाहिल्यात. "इथे अर्ज करा" दाबलं की आधार, पॅन आणि बँकेचा तपशील मागतात. कर्नाटकात युवा निधी आहे, पदवीधरांना 3,000 आणि डिप्लोमाला 1,500, पण ती नुकतंच शिक्षण संपवलेल्यांसाठी आणि तिथल्याच लोकांसाठी. आपल्याकडे 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: बारावीला 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, पदवीला 10,000 असं विद्यावेतन, वय 18 ते 35. ते प्रशिक्षण आहे, भत्ता नाही. तुम्ही 34 चे आहात, नियमात बसाल कदाचित, पण नऊ वर्षं काम केलेल्या माणसाने त्यात महिने घालवू नयेत असं माझं मत. तुमच्या धाकट्या भावाने मात्र महास्वयम पोर्टलवर नोंदणी करून जागा आहेत का ते पाहावं.

पण तुमच्यासाठी खरा बेकारी भत्ता वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि त्याच्यावर कोणी व्हिडिओ करत नाही. दर महिन्याला पगारातून ईएसआयसी कापली जात होती ना? 21,000 च्या आत पगार म्हणजे कापली गेलीच असणार. ईएसआयसीच्या दोन योजना आहेत.

पहिली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, 2005 पासूनची. कारखाना बंद पडला किंवा कामगार कपातीत गेला, आणि किमान दोन वर्षं वर्गणी भरलेली असेल, तर पहिले 12 महिने सरासरी रोजंदारीच्या निम्मे आणि पुढचे 12 महिने पाव. तुमच्या पगारावर पहिलं वर्ष महिना 9,750 च्या घरात, दुसरं वर्ष त्याच्या निम्मं. या काळात दवाखानाही चालू राहतो. नवी नोकरी लागली की भत्ता थांबतो. राजीनामा देणाऱ्याला ही योजना लागूच होत नाही. नुसत्या एका मेलवर किती पैसे हातून सुटतात ते आता जुळवून बघा.

दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, 2018 ची. रोजंदारीच्या निम्मे, जास्तीत जास्त 90 दिवस, आणि आयुष्यात एकदाच. तुमचे होतात 29,250. काम सुटून 30 दिवस झाले की दावा करता येतो. दोन वर्षं विमा आणि वर्गणीच्या दिवसांची अट आहे, ती तुम्ही सहज पार करता. शिस्तभंगाने काढलेल्याला आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला नाही. या योजनेची मुदत सरकार तुकड्यातुकड्याने वाढवत असतं, त्यामुळे ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जाऊन आज काय चालू आहे ते विचारा. एका वेळी एकच भत्ता मिळतो, म्हणून तुमच्यासाठी पहिली जास्त मोलाची. खिडकीवरच्या माणसाला पहिल्या योजनेचं नाव माहीत नसेल तर शाखा व्यवस्थापकांना भेटा. मी हे अनुभवाने सांगतेय.

आणि घरच्यांच्या दवाखान्याचं टेन्शन घेऊ नका. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत सेवा मिळते, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. म्हणजे नोकरी सुटली तरी कार्ड त्या दिवशी मरत नाही. लोक घाईने खासगी दवाखान्यात पैसे घालतात.

पीएफ. सगळा एकदम काढायचा मोह होईल, पण सगळा काढू नका. आजवर एक महिना बेकारीनंतर 75 टक्के आणि दोन महिन्यांनी पूर्ण असं होतं. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने बदल ठरवला की 75 टक्के लगेच आणि उरलेले 25 टक्के 12 महिन्यांनी. पोर्टलवर तुम्हाला जो पर्याय दिसेल तो खरा. लागेल तेवढाच काढा. पाच वर्षांच्या वर सेवा असल्याने तुमचा टीडीएस कापला जाणार नाही. पेन्शनच्या पैशांना मात्र हात लावू नका. दहा वर्षांची सेवा झाली की 58 नंतर पेन्शन लागू होते आणि तुमची नऊ झालीत. फॉर्म 10-सी भरून ते पैसे काढलेत तर लाखभर रुपये हातात येतील आणि नव्या नोकरीत मोजणी शून्यापासून सुरू होईल. सायबर कॅफेवाला "पीएफ आणि पेन्शन, दोन्ही फॉर्म टाकून देतो" म्हणेल. फक्त पीएफचा टाक म्हणायचं.

टेलिग्रामच्या मॅडम. ते 150 रुपये गळाला लावलेलं आमिष आहे, हे तुम्हालाही कळलंय, म्हणून तर विचारलंत. पुढचं असं असतं: 1,000 भरा 1,300 परत, तेही येतात. मग 5,000, मग 20,000, आणि मग "टास्क अपूर्ण राहिला, खातं गोठलं, आधी टॅक्स भरा." ग्रुपमधले नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे सगळे त्यांचेच. पण लोकांना ठाऊक नसतो तो भाग वेगळाच आहे. तुम्हाला आलेले 150 बहुधा दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले असतात. त्याने तक्रार केली की पैशाचा माग काढत कुठल्याशा राज्यातले सायबर पोलीस तुमचं खातं गोठवतात, आणि नेमक्या त्याच खात्यात तुमची ग्रॅच्युइटी येऊन पडलेली असते. तेव्हा आजच ग्रुप सोडा, त्याआधी चॅटचे आणि आलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट ठेवा. पैसे गेले असतील तर एक तासही न घालवता 1930 वर फोन करा. खातं "भाड्याने" मागणाऱ्याला तर दारातही उभं करू नका.

टायपिंगच्या कामाची गंमत वेगळी आहे. पानामागे 40 रुपये, सुरुवातीला फी नाही, फक्त एक करार ऑनलाइन सही करा. तुम्ही रात्र रात्र जागून पानं देता, ते म्हणतात अचूकता कमी पडली, आणि आठवड्याने व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस: करारभंग, 6,000 भरा नाहीतर कोर्ट. घाबरून भरणारे खूप आहेत. ती नोटीस कागदी वाघ आहे. एक रुपया देऊ नका, तक्रार करा. बँकॉकला डेटा एंट्री, पगार 70,000 असलं काही आलं तर लक्षात ठेवा, अशाच नोकऱ्यांच्या नावाने नेलेली मुलं म्यानमारच्या सीमेवरच्या फसवणुकीच्या अड्ड्यांवरून सोडवून आणावी लागली आहेत. परदेशी पाठवणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते आधी बघायचं.

मग खरं ऑनलाइन काम कुठलं? "ऑनलाइन काम" या नावाने शोधलं की भामटेच सापडतात. तुम्हाला येतं काय ते नाव टाकून शोधा. तुम्ही प्रश्नात एका ओळीत उडवलंत की "फक्त ई-वे बिल, एक्सेल आणि थोडं सॅप येतं." अहो, फक्त? राज्याबाहेर 50,000 च्या वर आणि राज्यात 1 लाखाच्या वर माल हलला की ई-वे बिल लागतं. चाकण, भोसरी, तळवड्यात असे कितीतरी छोटे वर्कशॉप आहेत जिथे मालक स्वतः मशीनवर उभा असतो आणि संध्याकाळी गाडी लागली की बिल करायला माणूस नसतो. त्यांना फोटो पाठवून घरून बिल करून देणारा माणूस हवा असतो. महिन्याला ठरावीक रक्कम, तीन-चार वर्कशॉप जोडले तर घराचा किराणा निघतो. तुमच्या कंपनीला माल देणारे व्हेंडर आणि ट्रान्सपोर्टवाले तुम्हाला नावाने ओळखतात. पहिले फोन त्यांना करा, नोकरी मागायला नाही, हे काम मागायला.

दुसरं गिऱ्हाईक कर सल्लागार. जीएसटीचं एक विवरणपत्र 11 तारखेला, दुसरं 20 तारखेला. 5 ते 20 या दिवसांत त्यांच्या ऑफिसात बिलांचा ढीग असतो आणि एंट्रीला माणसं कमी. त्या दिवसांत जाऊ नका, कोणी मान वर करणार नाही. 22 तारखेनंतर जा, पुढच्या महिन्याचं काम मागा. टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) येत नसेल तर खरेदी-विक्रीच्या नोंदींपुरतं शिकायला तुम्हाला फार वेळ लागणार नाही, स्टॉकचा हिशोब तर येतोच. परदेशी गिऱ्हाइकांच्या फायव्हरसारख्या साइट तुमच्यासाठी नंतर. तिथे 20 टक्के कमिशन जातं आणि नव्या माणसाला पहिलं काम मिळायला फार वाट बघावी लागते. घरात हप्ते थांबलेले असताना तो रस्ता नको.

नोकरीसाठी नोकरी डॉट कॉम, अपना, आणि केंद्र सरकारचं नोकरीचं पोर्टल एनसीएस, तिन्हीकडे 'स्टोअर' आणि 'डिस्पॅच' हे शब्द मथळ्यात येऊ देत, आणि प्रोफाइल अधूनमधून उघडून काहीतरी बदला, म्हणजे वर दिसतं. उमेदवाराकडून "रजिस्ट्रेशन", "युनिफॉर्म डिपॉझिट" घेणारी कन्सल्टन्सी दिसली की उठून यायचं. खरी कन्सल्टन्सी कंपनीकडून पैसे घेते.

हप्त्यांचं थोडक्यात. बाइकचा हप्ता बाउन्स व्हायच्या आधी शाखेत जाऊन सांगा, नंतर नाही. अडल्यास बँकेत सोनं ठेवा, मोबाइल लोन ॲप नको. आणि कोणी आत्ता महामंडळाचं कर्ज काढून धंदा टाक म्हणेल, तर नम्रपणे नाही म्हणा. निदान तो धंदा स्वतः करून बघेपर्यंत.

उद्याच्या उद्या करायचं एक काम राहिलं. कंपनीचं लॉगिन चालू आहे तोवर सगळ्या पे-स्लिप, फॉर्म 16 आणि हजेरी उतरवून घ्या. मग पीएफच्या पोर्टलवर नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी अक्षर न् अक्षर जुळतं का बघा. ऑक्टोबर 2017 नंतरच्या यूएएनला (पीएफच्या कायम क्रमांकाला) बऱ्याच दुरुस्त्या स्वतः करता येतात, पण तुमचा त्याआधीचा आहे, कंपनीची मंजुरी लागेल. नावात चूक असेल तर ती विनंती एचआरला राजीनाम्याच्या मेलचं उत्तर देण्याआधी पाठवा, संबंध अजून बरे आहेत तोवर. ते काय म्हणतात ते इथेच लिहा, पुढचा मेल मी बघून देते.