बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावाची माहिती गॅझेटियर (जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ), जनगणना आणि वडीलधाऱ्यांकडून जमवली आहे. तिचा एकसंध आढावा कसा लिहावा?

लगेच लिहायला बसू नका. वहीत विषयवार पाने करून प्रत्येक नोंदीपुढे ती कुठली व कोणत्या वर्षाची, हे टिपा. कारण १८८४चे बेळगाव गॅझेटियर मुंबई इलाख्यातले असून त्यातील लोकसंख्या १८८१च्या जनगणनेची आहे, तर २०११चे आकडे कर्नाटकातले आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला आणि पुढे सरकारी दप्तर कन्नडमध्ये गेले, त्यामुळे निपाणीचे ‘निप्पाणी’ व्हावे तसे आपल्याही गावाचे नाव दोन तऱ्हांनी सापडेल. ती दोन गावे समजू नका. आकडे जुळले नाहीत तर सरासरी न काढता दोन्ही वर्षांसह द्यावेत. आजीची आठवण मात्र ‘आजी सांगते’ अशीच, शक्यतो तिच्याच शब्दांत लिहा, कारण गावच्या विहिरीचे पाणी कोणत्या उन्हाळ्यात आटले हे कागदात बहुधा सापडत नाही.