बडोद्यात टायटॅनियमच्या नेमप्लेटवर रंग न लावता हवा तो रंग काढून मिळेल का?

हो, जवळजवळ हवा तो मिळेल, फक्त लालभडक मागू नका. तो अ‍ॅनोडायझिंगने, म्हणजे विजेने धातूवर ऑक्साइडचा थर चढवण्याच्या पद्धतीने, येतच नाही. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) अ‍ॅनोडायझिंगचंच काम करतो, त्यावरून सांगतो. पट्टी सोडियम फॉस्फेटच्या पाण्यात बुडवून डीसी सप्लायच्या (एकाच दिशेने वाहणारी वीज देणाऱ्या यंत्राच्या) प्लसला जोडायची. वर ऑक्साइडचा पारदर्शक थर चढतो. थराच्या वरून आणि खालच्या धातूवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग मारले जातात, उरलेला आपल्याला दिसतो. कुठला रंग उरेल ते ठरतं थराच्या जाडीवर, आणि जाडी ठरते व्होल्टेजवर, पट्टी किती वेळ बुडवली यावर फारशी नाही. अंदाजे असं:

- १५ व्होल्ट: ब्राँझ
- ३० च्या आसपास: निळा
- ५५-६०: पिवळा
- ९० च्या पुढे: हिरवट

व्होल्टेज हळूहळू वाढवा, कारण थर वाढतो, पण सप्लाय खाली आणला म्हणून कमी होत नाही. पिवळ्यावरून निळ्यावर यायचं तर थर उतरवून पहिल्यापासून सुरुवात. आणि पट्टी आधी तेलमुक्त हवी, बोटाचा ठसा राहिला तर तेवढीच जागा वेगळी दिसते. हे सगळं टायटॅनियमचं. स्टीलची पट्टी घेऊन आलात तर हा हिशोब चालणार नाही.