तुमचे प्रश्न : हजार गाड्या, एक थ्रेड

मागच्या अंकात मी नेटवर्क सर्व्हरबद्दल ओझरतं लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचं दुखणं एकच आहे: अनेक कनेक्शनं, एक प्रोग्राम, आणि मध्येच सगळं ठप्प. त्यातली ही पाच पत्रं. पहिल्यात माल जास्त आहे, म्हणून त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : दूध टँकर आणि ट्रकना जीपीएस बसवण्याचं आमचं काम आहे. प्रत्येक डिव्हाइस आमच्या सर्व्हरशी टीसीपी कनेक्शन उघडून ठेवतं. आधी प्रत्येक गाडीला एक थ्रेड (प्रोग्राममधली स्वतंत्रपणे चालणारी कामाची ओळ) होता. गाड्या वाढल्या तेव्हा पायथनमध्ये 'सिलेक्ट' (कुठल्या कनेक्शनवर काही आलंय ते ऑपरेटिंग सिस्टिमला विचारायची सोय) वापरून सगळी कनेक्शनं एकाच थ्रेडवर सांभाळणारा लूप स्वतःच लिहिला. हजाराच्या आसपास 'टू मेनी ओपन फाइल्स' आलं. यूलिमिट वाढवली, तर आता 'फाइलडिस्क्रिप्टर आउट ऑफ रेंज इन सिलेक्ट' येतं. मोठा सर्व्हर घ्यावा का? दुसरं म्हणजे, कधी दोन पॅकेट चिकटून येतात, कधी अर्धंच येतं. नेटवर्क खराब आहे का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पैसे खिशात ठेवा. तुम्ही दोन वेगवेगळ्या भिंतींना एकापाठोपाठ धडकलात, आणि दोन्हींवर १०२४ हाच आकडा लिहिलेला असल्यामुळे गोंधळ होतो. पहिली भिंत म्हणजे एका प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) किती फायली आणि सॉकेट (कनेक्शनची प्रोग्रामकडची टोकं) उघडी ठेवावीत याची मर्यादा. ती तुम्ही वाढवलीत, ठीक. (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीमधून प्रोग्राम चालवत असाल तर टर्मिनलमधली यूलिमिट त्याला लागू होत नाही. सर्व्हिस फायलीत 'लिमिटएनओफाइल' लिहावं लागतं.) दुसरी भिंत सिलेक्टच्या आतच आहे. १९८३ साली ४.२ बीएसडीबरोबर सिलेक्ट आलं. कुठल्या डिस्क्रिप्टरवर (उघड्या फायलीला किंवा सॉकेटला मिळालेल्या क्रमांकावर) लक्ष ठेवायचं हे ते एका ठरावीक लांबीच्या बिटांच्या पट्टीत लिहून घेतं, आणि लिनक्सवर त्या पट्टीत १०२४ बिट असतात. इथे सॉकेटांच्या संख्येपेक्षा त्यांचा क्रमांक महत्त्वाचा. तुम्ही दहाच सॉकेटांवर लक्ष ठेवत असाल, पण त्यातल्या एकाचा क्रमांक १०२४ असेल, तरी सिलेक्ट हात वर करणार.

ही मर्यादा नसती तरी सिलेक्ट तुम्हाला पुरलं नसतं. दर फेरीला तुम्ही अख्खी यादी कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) हातात देता, कर्नल ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळतं, आणि परत आल्यावर तुम्हीही ती पुन्हा चाळता. समजा ५,००० गाड्या आहेत आणि प्रत्येक गाडी ३० सेकंदांनी एक पॅकेट पाठवते. म्हणजे सेकंदाला साधारण १६७ पॅकेटं. एका वेळी चारदोन सॉकेटांतच काही आलेलं असतं, आणि त्या चारदोनांसाठी पाच हजारांची हजेरी घेतली जाते. 'पोल' हे सिलेक्टचं भावंड वापरलं तर १०२४ ची अट जाते, हजेरी तशीच राहते.

डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये 'सी-टेन-के' या नावाने हाच प्रश्न मांडला होता: एका मशीनवर दहा हजार क्लायंट कसे सांभाळायचे? त्याच सुमारास त्याची उत्तरंही तयार झाली. फ्रीबीएसडीमध्ये २००० साली केक्यू आलं, आणि लिनक्सच्या २.५ मालिकेत २००२ मध्ये ईपोल. ईपोलला सॉकेट एकदाच सांगून ठेवायचं. यादी कर्नल स्वतःकडे ठेवतं, आणि विचारलं की ज्यांच्यात काही घडलंय तेवढीच सॉकेटं हातात देतं. तुमच्या कोडमधला बदल लहान आहे. थेट सिलेक्ट बोलावण्याऐवजी पायथनबरोबरच येणारं 'सिलेक्टर्स' मॉड्यूल घ्या आणि त्यातला 'डिफॉल्टसिलेक्टर' वापरा. लिनक्सवर तो आपणहून ईपोल निवडतो. सुरवातीलाच असिंकआयओ (पायथनबरोबर येणारा तयार लूप) घेतलं असतं तर हे सगळं आतल्या आत झालं असतं. पण लूप एकदा हाताने लिहिला हे चांगलंच झालं.

लूप पाहताना दोन गोष्टी तपासा. प्रत्येक सॉकेट नॉन-ब्लॉकिंग (वाट बघत न अडता लगेच परतणारं) केलेलं आहे ना? आणि 'सेंड'ने किती बाइट गेले म्हणून सांगितलं, ते तुम्ही वाचता ना? पाठवायला सांगितले २०० आणि गेले १२०, असं होऊ शकतं. उरलेले ८० त्या गाडीच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवायचे, 'लिहायला जागा झाली की कळव' अशी नोंद करायची, आणि ते गेले की नोंद काढून टाकायची. काढायची राहिली तर सॉकेट जवळजवळ नेहमीच लिहायला मोकळं असल्यामुळे लूप क्षणभरही झोपत नाही. काही काम नसताना सीपीयू १०० टक्के दिसला, तर पहिला संशय यावर घ्या.

थ्रेडबद्दल एक सांगून टाकतो. एका थ्रेडच्या स्टॅकला (फंक्शनांच्या तात्पुरत्या जागेला) ८ एमबी लागतात, म्हणून ५,००० थ्रेडना ४० जीबी रॅम हवी, असं पुष्कळ जण ठोकून देतात. ते ८ एमबी म्हणजे नुसती राखून ठेवलेली पत्त्यांची जागा. खरी मेमरी जेवढी वापराल तेवढीच जाते. दोन-तीनशे गाड्या असत्या तर तुमच्या थ्रेडवाल्या सर्व्हरला मी हातही लावू दिला नसता.

आता चिकटलेली पॅकेटं. नेटवर्क बिचारं निर्दोष आहे. टीसीपी फक्त बाइटांचा प्रवाह देतं. कुठलं पॅकेट कुठे संपतं हे त्याला ठाऊक नसतं आणि त्याला त्याचं सोयरसुतकही नाही. तुम्ही नमुना म्हणून पाठवलेले बाइट जीटी०६ या प्रोटोकॉलचे आहेत, आपल्याकडच्या पुष्कळ स्वस्त ट्रॅकरमध्ये तोच असतो. त्यातलं लॉगिनचं पॅकेट बघा. सुरवातीला ७८ ७८ (बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिले आहेत), मग लांबीचा एक बाइट ०डी म्हणजे १३, मग प्रकार ०१, आठ बाइटांत आयएमईआय (डिव्हाइसचा ओळख क्रमांक), दोन बाइट अनुक्रमांक, दोन बाइट सीआरसी (चूक पकडणारा तपासणीचा आकडा), आणि शेवटी ०डी ०ए. लांबीत प्रकारापासून सीआरसीपर्यंतचेच बाइट मोजतात, म्हणून पूर्ण पॅकेट त्याहून पाचाने मोठं: १८ बाइट. तुमचा कोड शेवटचे ०डी ०ए शोधून पॅकेट तोडतो. तसं करू नका, हेच दोन बाइट अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांतही येऊ शकतात. प्रत्येक गाडीसाठी वेगळा बफर ठेवा. जे येईल ते त्याच्या शेवटी जोडा. तीन बाइट जमले की लांबी कळते, पूर्ण पॅकेट जमलं असेल तर कापून घ्या, आणि उरलेल्यात दुसरं पूर्ण पॅकेट आहे का ते लगेच पुन्हा बघा. हे 'पुन्हा बघा' बरेच जण विसरतात, आणि मग गाडी नकाशावर एक पॅकेट मागे धावत राहते.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी पन्नास वेबपानं उतरवते. साध्या कोडला ४० सेकंद लागायचे. सगळ्या फंक्शनांना असिंक (वाट बघताना दुसरं काम करू देणारा शब्द) लावलं, सगळी कामं एकत्र सुरू करणारं गॅदर वापरलं, तरी ४० सेकंदच. आत 'रिक्वेस्ट्स' लायब्ररी आहे. असिंकचा नुसता गवगवा आहे का?
(एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : गवगवाही आहे, पण इथे दोष रिक्वेस्ट्सचा आहे. ती लायब्ररी ब्लॉकिंग आहे. पान येईपर्यंत ती थ्रेड अडवून बसते, आणि तुमचा लूप त्याच थ्रेडवर चालतो. फंक्शनच्या कपाळावर असिंक लिहिल्याने आतल्या ओळींचा स्वभाव बदलत नाही. 'इथे थांब' सांगणाऱ्या अवेटचंही तसंच: आत खरोखर थांबायची वेळ आली तरच लूपला दुसऱ्याकडे वळता येतं. पन्नास कामं रांगेत उभी केलीत आणि एकेक करून पूर्ण केलीत, म्हणून वेळ तेवढाच लागला.

एचटीटीपीएक्सचा असिंक क्लायंट किंवा एआयओएचटीटीपी घ्या. ब्लॉकिंग लायब्ररीशिवाय गत्यंतर नसेल तर ते काम 'टू-थ्रेड'ने वेगळ्या थ्रेडवर ढकला, पायथन ३.९ पासून ती सोय आहे. पानं आल्यावर त्यांतला मजकूर चाळायचं काम जड असेल तर थ्रेडही फारसा कामाचा नाही. तिथे वेगळी प्रोसेस लागते. लूप वाट बघण्याचा खर्च वाचवतो, आकडेमोडीचा वाचवत नाही.

चोर पकडायची सोय पायथनमध्येच आहे. 'पायथनअसिंकआयओडीबग' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून प्रोग्राम चालवा. १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लूप अडवणारं प्रत्येक काम लॉगमध्ये नावानिशी येईल. वेबसाइटचं नाव पत्त्यात बदलणारं 'गेटअ‍ॅडरइन्फो' हे तर नेटवर्कचं काम असूनही ब्लॉकिंग असतं. असिंकआयओ ते गुपचूप थ्रेडवर पाठवतं, म्हणून जाणवत नाही. आणि ती पन्नास पानं एकाच साइटची असतील तर सेमाफोर लावून एका वेळी पाच-सहाच मागा. समोरचा सर्व्हरही कुणीतरी चालवत असतं.

प्रश्न : आमचा सर्व्हर दोन-तीन दिवसांनी आपोआप 'टू मेनी ओपन फाइल्स'वर येतो आणि सीपीयू १०० टक्के होतो. रिस्टार्ट केला की सुरळीत. चालू डिव्हाइस तीनशेच, पण कनेक्शनं हजारांत दिसतात. गाड्या घाटात जातात.
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : उत्तर तुम्ही शेवटच्या वाक्यात दिलं आहे. घाटात रेंज गेली की डिव्हाइस निरोप न घेता गायब होतं. रेंज आल्यावर ते नवं कनेक्शन उघडतं, आणि जुनं तुमच्याकडे तसंच पडून राहतं. तुम्ही त्यावर काही पाठवत नसाल तर पलीकडे कुणी नाही हे टीसीपीला कधीच कळत नाही. कीपअलाइव्ह (पलीकडे कुणी आहे का याची टीसीपीची चाचणी) चालू करा असं कुणी सांगेल. पण ते प्रत्येक सॉकेटवर मुद्दाम लावावं लागतं, आणि लिनक्सचा ठरलेला अवधी ७,२०० सेकंद आहे. दोन तास शांतता झाल्यावर पहिली चाचणी! तो अवधी कमी करता येतो, पण मला प्रोग्राममधलीच मुदत जास्त भरवशाची वाटते. डिव्हाइस दर तीन मिनिटांनी हार्टबीट ('मी आहे' असा निरोप) पाठवतं ना? मग दहा मिनिटांत एक बाइटही आला नाही तर सॉकेट बंद. एकाच आयएमईआयने नवं लॉगिन केलं तर जुनं कनेक्शन त्याच क्षणी बंद.

सीपीयू का चढतो तेही सांगतो, कारण हे दिसायला विचित्र दिसतं. डिस्क्रिप्टर संपले की नवं कनेक्शन स्वीकारणारं 'अ‍ॅक्सेप्ट' एरर देतं, पण ते कनेक्शन रांगेतच उभं राहतं. लूप पुन्हा विचारतो, कर्नल पुन्हा 'कुणी आलंय' म्हणतं, अ‍ॅक्सेप्ट पुन्हा नापास. हा फेरा सेकंदाला हजारो वेळा चालतो. हा एरर आला की ऐकणाऱ्या सॉकेटवरचं लक्ष एखादा सेकंद काढून घ्या.

प्रश्न : मुलाखतीत ईपोलमधला लेव्हल-ट्रिगर्ड आणि एज-ट्रिगर्ड हा फरक विचारला. मला सांगता आला नाही.
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : दाराशी दुधाची पिशवी आहे तोवर बेल वाजतच राहते, ते लेव्हल. पिशवी ठेवली तेव्हा एकदाच वाजली, ते एज. एजमध्ये एकदा कळल्यावर 'आता काही नाही' असं उत्तर, म्हणजे ईअगेन, येईपर्यंत वाचत राहावं लागतं. अर्धवट सोडलंत तर उरलेल्या बाइटांसाठी पुन्हा बेल वाजेलच असं नाही. एंजिनएक्स हा वेब सर्व्हर एज वापरतो, रेडिस हा डेटाबेस लेव्हल, आणि दोन्ही वेगासाठीच ओळखले जातात. तेव्हा एज म्हणजे वेगवान असं मुलाखतीत ठामपणे सांगू नका. स्वतः लिहिताना लेव्हल घ्या.

प्रश्न : मी सी मध्ये सिलेक्ट आणि पोलवर आयुष्य काढलं. आता मुलगा म्हणतो, बाबा, आयओ-युरिंग शिका. या वयात शिकावं का?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : वयाचं सोडा, तुमचा पाया त्याच्यापेक्षा पक्का आहे. येन्स आक्सबो यांनी लिहिलेलं आयओ-युरिंग २०१९ मध्ये लिनक्स ५.१ बरोबर आलं. ईपोल सांगतं, 'आता वाचता येईल', आणि वाचायचं तुम्ही. आयओ-युरिंगला सांगायचं, 'एवढं वाचून या बफरमध्ये ठेव', आणि काम झालं की ते कळवतं. विंडोजवर कम्प्लीशन पोर्ट नव्वदच्या दशकापासून याच पद्धतीने चालतात. खरा फायदा डिस्कवरच्या फायलींत आहे. साधी फाइल ईपोलकडे नोंदवायला गेलात तर ते परवानगी नाकारतं, त्यामुळे नोडखालच्या (नोड म्हणजे सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) लिबयूव्ही या लायब्ररीला फायलींसाठी आजही थ्रेडांचा ताफा ठेवावा लागतो (न सांगितल्यास चार).

पण नोकरीच्या सर्व्हरवर लावण्याआधी तिथल्या सिस्टीमवाल्यांना विचारा. सुरक्षेच्या त्रुटी इतक्या निघाल्या की २०२३ मध्ये गूगलने क्रोमओएसवर आणि स्वतःच्या सर्व्हरवर ते बंद केल्याचं जाहीर केलं. घरच्या मशीनवर मात्र खुशाल खेळा. जुना कोड हलवताना एक जपा: कर्नलला दिलेला बफर काम पूर्ण झाल्याचं कळेपर्यंत तुमचा नसतो. तुमच्या सवयीप्रमाणे तो फंक्शनच्या स्टॅकवर असेल आणि फंक्शन आधीच परतलं, तर कर्नल भलत्याच जागी लिहील. ते बफर आधी कनेक्शनच्या स्ट्रक्टमध्ये न्या, मगच बाकीच्या कोडला हात लावा.