गीझरचा एमसीबी सारखा पडतोय? बदलण्याआधी हे बघा

तुम्ही विचारलंय की गीझरचा 20 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप सप्लाय तोडणारा बोर्डातला स्विच) दहा-पंधरा मिनिटांनी पडतो, मग तो काढून 32 चा टाकू का आणि घरीच बदलता येईल का. पहिल्याचं उत्तर नाही, अजिबात नाही. एमसीबी गीझरसाठी नसतो हो, तो भिंतीतल्या वायरसाठी असतो. वायर 2.5 स्क्वेअर एमएमची असेल आणि वर 32 चा बसवला, तर तो 36 अँपिअरपर्यंत तासभरही पडणार नाही, आणि तेवढ्या वेळात पाइपातली वायर आतल्या आत शिजत राहील, तुम्हाला बाहेरून काहीच कळणार नाही.

आता मुळात एमसीबी खराब आहे का ते बघू. 2000 वॉटचा गीझर 230 व्होल्टला साधारण 8.7 अँपिअर घेतो, 3000 वॉटचा 13, म्हणजे 20 च्या एमसीबीने पडायचं काही कारणच नाही. लावल्या लावल्या फटकन पडला तर शॉर्ट समजा. तुमच्यासारखा काही मिनिटांनी पडत असेल तर आतली बायमेटलची पट्टी (तापली की वाकून एमसीबी पाडणारी दोन धातूंची पट्टी) तापतेय, आणि ती फक्त ओव्हरलोडने तापते असं नाही, टर्मिनलचा स्क्रू ढिला असला तरी तिथे उष्णता तयार होते आणि ती पट्टीपर्यंत पोचते. माझ्याकडे अगदी हेच झालेलं. कव्हर काढलं तर स्क्रूखालची तार काळी पडलेली, इन्सुलेशन बोटभर कडक आणि तपकिरी, जळक्या प्लास्टिकचा वास. तोवर मी दोनदा गीझरवाल्याला बोलावून बसलो होतो. अशी जळलेली तार तशीच परत कसू नका, चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा आणि नव्याने सोला, आणि नुकसान झालेला एमसीबी पण बदलाच, कारण तापून त्याचं टर्मिनल खराब झालेलं असतं. दांडी वर धरतच नसेल किंवा लोंबकळत असेल, किंवा वर असून खाली सप्लाय येत नसेल, तर मात्र बिघाड एमसीबीतच आहे. आरसीसीबी (करंट गळून जमिनीकडे जायला लागला की पडणारा स्विच) पडत असेल तर तो लीकेजचा वेगळा विषय, बहुतेक वेळा गीझरचं एलिमेंट गेलेलं असतं.

बदलायचाच असेल तर आधी मेन स्विच बंद, आणि घरात इन्व्हर्टर किंवा सोलर असेल तर तेही बंद, हे लोक हमखास विसरतात आणि मग मेन बंद असूनही बोर्डात करंट असतो. मेन बंद केला तरी मेनच्या वरच्या बाजूला येणाऱ्या वायरी जिवंतच राहतात हे डोक्यात पक्कं ठेवा, त्यांच्याकडे हात नको. घरच्यांना सांगून ठेवा, कोणी येऊन स्विच वर करायला नको. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका, मल्टिमीटर घ्या, तो मेन बंद करण्याआधीच चालू सॉकेटवर 230 दाखवतो का बघा, मग मेन बंद करून बोर्डात फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजा, आणि नंतर परत चालू सप्लायवर मीटर तपासा, त्यासाठी मेन परत लावावा लागला तर लावा पण मग बंद करून परत मोजा. हा वेळखाऊपणा वाटतो पण बिघडलेला मीटर जिवंत तारेवरही शून्य दाखवू शकतो.

मग फोटो काढून ठेवा, खालची तार सोडवा, बसबारच्या (सगळ्या एमसीबींना सप्लाय देणारी तांब्याची दातेरी पट्टी) बाजूचा स्क्रू ढिला करा, खालची क्लिप स्क्रूड्रायव्हरने ओढली की एमसीबी मागच्या धातूच्या रेलवरून सुटतो. नवीन त्याच रेटिंगचा, त्याच कर्व्हचा (अँपिअरच्या आकड्याआधीचं B किंवा C अक्षर), तेवढ्याच पोल्सचा, ब्रेकिंग कपॅसिटी (शॉर्टचा किती करंट तोडू शकतो तो आकडा) पण जुन्याइतकी किंवा जास्त, आणि शक्यतो त्याच कंपनीचा घ्या, नाहीतर बसबारचा दात नीट बसत नाही. मल्टिस्ट्रँड वायरला सोल्डर लावू नका, ते स्क्रूखाली हळूहळू दबतं आणि परत ढिलं होतं, त्यापेक्षा लग किंवा फेरुल (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) वापरा. इन्सुलेशन टर्मिनलमध्ये चिमटलं जायला नको, तांबं बाहेर दिसायला नको. कसल्यावर प्रत्येक तार हलकी ओढून बघा. लावताना आधी मेन, मग हा एमसीबी गीझर बंद ठेवून, मग गीझर, आणि अर्ध्या तासाने मेन परत बंद करून टर्मिनलवर ताप आहे का ते बघा.

मेनच बदलायचा असेल, बसबार काळा झाला असेल, वायर ॲल्युमिनियमची असेल किंवा मल्टिमीटरचं रीडिंग समजत नसेल, तर तिथेच थांबा आणि लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा. आणि हो, तुमची वायर किती स्क्वेअर एमएमची आहे आणि गीझर किती वॉटचा आहे ते इथे लिहा, म्हणजे 20 चा तरी बरोबर होता का ते सांगता येईल.