वाचक विचारतात : मॉन्टसेराटची राजधानी नक्की कोणती?

कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट या ब्रिटिश बेटाची राजधानी एका पुस्तकात प्लिमथ, तर दुसऱ्यात ब्रेड्स दिलेली सापडते. बरोबर काय, असं विचारणारी बरीच पत्रं आली. जोडीला त्या बेटाबद्दल इतर शंकाही होत्या. निवडक प्रश्न थोडक्यात करून घेतले आहेत.

प्रश्न : परीक्षेत मॉन्टसेराटची राजधानी विचारली, तर प्लिमथ लिहायचं की ब्रेड्स? (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, लातूर)

कागदोपत्री राजधानी प्लिमथ, कारभार चालतो तो ब्रेड्समधून. उत्तरपत्रिकेत जागा असेल तर दोन्ही लिहा. पर्यायांत एकच असेल तर प्रश्नातला शब्द नीट पाहा. ‘अधिकृत राजधानी’ म्हटलं असेल तर प्लिमथ, ‘प्रशासकीय केंद्र’ म्हटलं असेल तर ब्रेड्स.

प्लिमथमध्ये आज एकही माणूस राहत नाही. सूफ्रियर हिल्स हा ज्वालामुखी 18 जुलै 1995 रोजी जागा झाला. त्या वर्षी गाव दोनदा रिकामं केलं, लोक परत आले, आणि एप्रिल 1996 मध्ये ते कायमचं सोडावं लागलं. पुढच्या वर्षी बंदर, बाजारपेठ, सरकारी कचेऱ्या राख-चिखलाखाली गेल्या. सरकार उत्तरेला सरकलं ते ब्रेड्सला. आता शेजारच्या लिटल बे इथे नवं गाव आणि बंदर उभं राहतंय, त्यामुळे काही वर्षांनी पुस्तकांत तिसरं नाव आलं तर नवल नाही.

बाकी आकडे : क्षेत्रफळ सुमारे 102 चौरस किलोमीटर, लांबी साधारण 16 आणि रुंदी 11 किलोमीटर. शेजारी अँटिग्वा ईशान्येला, ग्वादलूप आग्नेयेला. लोकसंख्या 1991 च्या जनगणनेत साडेदहा हजारांच्या वर होती, 2023 च्या जनगणनेत ती साडेचार हजारांच्याही आत आली. जुन्या पुस्तकातली ‘लोकसंख्या 12,000’ वगैरे नोंद खुशाल खोडा.

प्रश्न : उद्रेकाला तीस वर्षं झाली. लाव्हा एव्हाना थंड झाला असेल. मग लोक घरी का परतत नाहीत? (भूगोल शिक्षक, सातारा)

इथे मुळात लाव्हाची नदी वाहिलीच नाही, म्हणून हा प्रश्न जरा उलट्या बाजूने घ्यावा लागतो. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट पातळ होता. भेगांतून निघाला आणि मैलोन्‌मैल पसरत थरावर थर चढले. मॉन्टसेराटचा खडक अँडेसाइट आहे. त्यात सिलिका जास्त, त्यामुळे तो चिकट आणि घट्ट. तो वाहत नाही, तोंडाशीच साठत जाऊन घुमट तयार होतो. घुमट उंच आणि उभ्या कडांचा झाला की स्वतःच्याच वजनाने एखादी बाजू कोसळते. आत कोंडलेला वायू सुटतो, खडकाचा चुरा होतो, आणि काही शे अंश सेल्सियस तापमानाचा राख, दगड नि वायूचा लोट दरीतून ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने खाली येतो. भूशास्त्रात याला पायरोक्लास्टिक प्रवाह म्हणतात. यात पळायला वेळच मिळत नाही.

25 जून 1997 रोजी नेमकं हेच झालं. 19 माणसं गेली. तो भाग आधीच रिकामा करायला सांगितलेला होता, पण काही जण शेतीसाठी आणि जनावरांसाठी तिथे होते. उत्तरेला जमीन थोडी आणि खडकाळ, चांगलं पिकाऊ रान सगळं दक्षिणेला. म्हणजे त्या शेतकऱ्यांना निव्वळ बेपर्वा म्हणून मोकळं होता येत नाही. पूर्व किनाऱ्यावरचा ब्रॅम्बल विमानतळही त्याच वर्षी हातचा गेला.

शेवटची मोठी कोसळ 11 फेब्रुवारी 2010 रोजी झाली. त्यानंतर नवा घुमट वाढलेला नाही, पण डोंगरातून गंधकाचे वायू निघतच आहेत आणि उरलेला घुमट ढिला आहे. फ्लेमिंग्ज इथल्या वेधशाळेतून भूकंपमापक, जीपीएस आणि वायूमापनाच्या नोंदी चोवीस तास घेतल्या जातात. त्यांवरून धोक्याची पातळी एक ते पाच अशी ठरते. बरीच वर्षं ती सर्वांत खालची, म्हणजे एक आहे. तरीही दक्षिणेकडचा भाग ‘व्ही’ क्षेत्रात मोडतो आणि तिथे राहायला बंदी आहे. दोन्ही बाजूंच्या समुद्राचेही काही पट्टे वर्ज्य ठरवलेले आहेत.

उद्रेक थांबला तरी एक त्रास चालू राहतो आणि पाठ्यपुस्तकात तो सहसा नसतो. उतारावर साठलेली राख जोराच्या पावसात पाण्याबरोबर खाली येते. हा ओल्या सिमेंटसारखा लोंढा, म्हणजेच लाहार. बेलहॅम नदीचं खोरं त्याने इतकं भरलंय की तिथलं जुनं गोल्फचं मैदान आणि नदीवरचा पूल दोन्ही गाडले गेले. आज गाड्या सरळ पात्रातून जातात. पाऊस डोंगरात पडत असतो आणि खाली ऊन असतं, म्हणून आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून पात्रात गाडी घालणं हीच तिथली नेहमीची चूक.

वर्गात सांगायला राखेबद्दलही थोडं. ती लाकडाच्या राखेसारखी मऊ नसते, बारीक केलेला खडक आणि काच असते. घुमटात क्रिस्टोबॅलाइट नावाची स्फटिकी सिलिका तयार होते आणि ती फुफ्फुसाला घातक असते. म्हणून झाडण्याआधी पाण्याचा हलका शिपका मारायचा आणि मास्क लावूनच झाडायचं. गाडीच्या काचेवर कोरडे वायपर फिरवले तर काचेवर चरे उठतात, आधी पाणी ओतायचं. छतावरची राख पाऊस येण्याआधी काढायची, कारण भिजली की तिचं वजन फार वाढतं आणि छप्पर खाली येतं. पावसाचं पाणी टाकीत साठवत असाल तर राख पडायला लागताच पन्हळीचा नळ टाकीपासून सोडवायचा.

प्रश्न : तिथे एका मतदाराला नऊ मतं असतात असं वाचलं. छपाईची चूक आहे का? (निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक)

चूक नाही. विधानसभेत निवडून आलेले नऊ सदस्य असतात आणि संपूर्ण बेट हा एकच मतदारसंघ आहे. मतपत्रिकेवर सगळे उमेदवार असतात. मतदार त्यांतल्या जास्तीत जास्त नऊ जणांपुढे खूण करतो. एकाच उमेदवाराला दोन मतं देता येत नाहीत. मोजणीत पहिले नऊ निवडून येतात. महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या बहुसदस्यीय प्रभागाशी गल्लत करू नका. तिथे प्रत्येक जागेची लढत वेगळी असते, इथे सगळे एकाच रांगेत.

ही पद्धत ज्वालामुखीतूनच आली. पूर्वी सात वेगवेगळे मतदारसंघ होते, पण दक्षिणेकडचे ओस पडले आणि तिथले मतदार उत्तरेत विखुरले. मतदारच नाहीत तिथे आमदार कुणाचा? म्हणून 2001 पासून सात मतदारसंघांऐवजी एकच केला आणि जागा नऊ केल्या. याची एक बाजू खटकते. एखाद्या पक्षाचे मतदार नऊच्या नऊ मतं शिस्तीने पक्षालाच देऊ लागले, तर थोड्याशा आघाडीवर तो जवळजवळ सगळ्या जागा घेऊन जाऊ शकतो. 2001 आणि 2014 या दोन्ही वेळी जिंकणाऱ्या पक्षाला नऊपैकी सात जागा मिळाल्या. पण जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे लोक पक्षापेक्षा माणूस पाहून मतं वाटतात, त्यामुळे इतर वेळी निकाल बराच घासून लागतो. ऑक्टोबर 2024 मध्ये युनायटेड अलायन्सने पाच जागा घेतल्या आणि रूबेन मीड पुन्हा प्रीमियर झाले.

‘पुन्हा’ का, तर 2010 ची नवी राज्यघटना 2011 मध्ये लागू झाली आणि मुख्यमंत्र्याचं पद ‘प्रीमियर’ झालं, तेव्हा त्या खुर्चीत तेच होते.

विधानसभेत नऊ जणांखेरीज ॲटर्नी जनरल आणि वित्त सचिव पदसिद्ध म्हणून बसतात. मंत्रिमंडळात प्रीमियर, आणखी तीन मंत्री आणि हेच दोन अधिकारी. अध्यक्षस्थानी गव्हर्नर, आणि त्यांची नेमणूक ब्रिटिश राजाच्या नावाने लंडनहून होते. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, पोलिसांसह अंतर्गत सुरक्षा, सरकारी नोकरभरती आणि आंतरराष्ट्रीय वित्तसेवा ही खाती गव्हर्नरकडे राहतात. शाळा, रस्ते, आरोग्य, शेती मंत्र्यांकडे. आपल्याकडच्या राज्यपालांवरून अंदाज बांधाल तर फसाल, या गव्हर्नरांचे अधिकार रोजच्या कारभारात वापरले जातात. खटल्यांचं अपील पूर्व कॅरिबियन सर्वोच्च न्यायालयात जातं आणि अखेरचं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे.

प्रश्न : मग स्वतंत्र का होत नाहीत? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

पैसा. सरकारी खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा ब्रिटनच्या मदतीतून येतो. उद्रेकापूर्वी बेट रोजचा खर्च बऱ्यापैकी स्वतःच्या कमाईतून भागवत होतं, हे मात्र विसरू नये. आज स्वतःची म्हणावी अशी निर्यात म्हणजे ज्वालामुखीनेच आणून टाकलेली वाळू. ती बांधकामासाठी आसपासच्या बेटांवर जाते.

मदतीवर जगण्यात अपमानही वाट्याला येतो. ऑगस्ट 1997 मध्ये बेटावरचे नेते जास्त मदत मागत होते, तेव्हा ब्रिटनच्या विकासमंत्री क्लेअर शॉर्ट यांनी ‘आता हे सोन्याचे हत्ती मागतील’ अशा अर्थाचं विधान केलं. ते बेटावर आजही कुणी विसरलेलं नाही. अमेरिकेने तर वेगळीच कमाल केली. 1997 मध्ये तिथे आसरा घेतलेल्यांना ‘तात्पुरतं संरक्षण’ दिलं आणि फेब्रुवारी 2005 मध्ये ते काढून घेतलं. कारण काय, तर ज्वालामुखी इतक्यात थांबायचा नाही, म्हणजे संकट आता तात्पुरतं राहिलेलं नाही!

21 मे 2002 पासून बेटाच्या नागरिकांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व मिळालं. ते ब्रिटनमध्ये राहू आणि काम करू शकतात. ब्रिटिश संसदेत मात्र बेटाचा खासदार नाही. कॅरिकॉम या प्रादेशिक संघटनेत ब्रिटिश प्रदेशांपैकी पूर्ण सदस्य एवढं एकच.

प्रश्न : बहुतेक लोक आफ्रिकी वंशाचे, मग आडनावं रायली, फॅरल आणि सुट्टी सेंट पॅट्रिकची कशी? (गृहिणी, पणजी)

1632 पासून इथे आयरिश कॅथलिक येऊन वसले, बरेचसे शेजारच्या सेंट किट्सहून. किन्सेल, कॉर्क हिल ही गावांची नावं त्यांची. पुढे उसाचे मळे आले आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांना मालकांची आडनावं चिकटली. मालकांत आयरिशही होते. पर्यटनाच्या जाहिरातीत ‘कॅरिबियनचं पाचूचं बेट’ म्हणून हिरव्या टोप्या दाखवतात, तेव्हा एवढा भाग गळतो.

17 मार्च 1768 रोजी मालक सेंट पॅट्रिकच्या मेजवानीत गुंग असताना उठाव करायचा असं गुलामांनी ठरवलं होतं. बेत फुटला आणि नऊ जणांना फाशी दिली. आजची 17 मार्चची सुट्टी या उठावाच्या स्मरणाची आहे, संताचा दिवस तोच. त्या आठवड्यात घरोघरी ‘गोट वॉटर’ शिजतं. नाव पाणी असलं तरी तो लवंग घातलेला बोकडाच्या मटणाचा रस्सा असतो आणि पावाबरोबर खातात.

प्रश्न : मुलाला वर्षभर तिथून ऑनलाइन नोकरी करायची आहे. कसं जमेल? (पालक, पुणे)

2021 मध्ये ‘रिमोट वर्कर स्टॅम्प’ नावाची बारा महिन्यांची परवानगी सुरू झाली. अट : वर्षाला किमान 70,000 अमेरिकन डॉलर उत्पन्न, तेही बेटाबाहेरच्या कंपनीकडून किंवा ग्राहकांकडून. आरोग्य विमा लागतो. एकट्याचं शुल्क 500 डॉलर ठेवलं होतं. अर्ज भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचे दर पुन्हा पाहावेत. ब्रिटनचा व्हिसा आहे म्हणजे इथला आहे, असं धरून चालू नका. बेटाचा इमिग्रेशन विभाग वेगळा आहे. वाटेत अँटिग्वात उतरावं लागतं, तिथले नियम तिसरे.

मुंबईहून लंडन, लंडनहून अँटिग्वा आणि तिथून छोट्या विमानाने पंधरा-वीस मिनिटं. जॉन ऑस्बोर्न विमानतळाची धावपट्टी जेमतेम 600 मीटर, म्हणून मोठी विमानं उतरूच शकत नाहीत. धावपट्टीखालून बोगद्यातून रस्ता जातो. विमान लहान असल्याने माणसांसकट वजन मोजतात, आणि बॅग मागून यायची शक्यता असते. औषधं आणि लॅपटॉप हातातच ठेवा. वारा किंवा ढगांमुळे उड्डाण रद्द झालं तर पुढचं तिकीट वाया जाऊ नये म्हणून परतताना अँटिग्वात एक रात्र राखून ठेवलेली बरी. फेरीबोटीच्या भरवशावर बेत आखू नका.

चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, 1976 पासून एका अमेरिकन डॉलरला 2.70 असा बांधलेला. अमेरिकन नोटाही चालतात आणि घोळ तिथेच होतो. टॅक्सीवाल्याने ‘चाळीस डॉलर’ म्हटलं की कुठले, हे बसण्याआधी विचारा. प्लिमथ पाहायचं असेल तर एकट्याने जाता येत नाही. परवानाधारक गाइड लागतो आणि त्या दिवशी वेधशाळेकडून हिरवा कंदील हवा. पांढऱ्या वाळूचा किनारा एकच, रेंडेव्हू बे. बाकी सगळे काळे-करडे.

प्रश्न : माझ्या संग्रहात ‘लीवर्ड आयलंड्स’ छापलेलं तिकीट आहे आणि शिक्का मॉन्टसेराटचा. बनावट आहे का? (तिकीट संग्राहक, ठाणे)

एवढ्यावरून तरी नाही. मॉन्टसेराटची पहिली तिकिटं 1876 मध्ये निघाली, ती अँटिग्वाच्या तिकिटांवर बेटाचं नाव छापून. 1890 मध्ये लीवर्ड बेटांची सामायिक तिकिटं आली. 1903 पासून बेटाची स्वतःची पुन्हा सुरू झाली, तरी सामायिक तिकिटं 1956 पर्यंत जोडीने चालत होती. तेव्हा शिक्क्यावरची तारीख वाचा. ती 1890 ते 1956 मध्ये बसत असेल तर पुढची तपासणी कागद, वॉटरमार्क आणि शाईची.