वाफसा म्हणजे ओल नव्हे

प्रश्न असा आहे: ‘जमिनीत वाफसा आहे’ आणि ‘जमिनीत ओल आहे’ यांत फरक काय? आणि झाडाला किती पाणी मिळेल, हे ‘वाफसा मोजून’ कळतं का?

ओल म्हणजे मातीतलं पाणी, मग ते कितीही असो. चिखलातही ओल असते. वाफसा ही मात्र अवस्था आहे. जास्तीचं पाणी निचरून गेलं, मोठ्या पोकळ्यांत हवा आली आणि औत चालेल अशी माती मोकळी झाली, की वाफसा ‘येतो’. तो ‘धरावा’ लागतो, नाही तर ‘जातो’. म्हणून ‘वीस टक्के ओल’ म्हणता येतं, ‘वीस टक्के वाफसा’ नाही. सामान्यरूप पैसा-पैशाला याप्रमाणेच: वाफशावर पेरणी.

वाफसा पाहायचा तो मुठीत. चार बोटं खालची माती दाबून लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर वाफसा आहे. चपटा होऊन बसला तर थांबा; अशा मातीत वखर घातला तर मागे ढेकळंच निघतात. लाडू वळलाच नाही, तर वाफसा गेला.

मोजायची ती ओल. गिरमिटाने मुळांच्या खोलीवरची माती काढून लगेच झाकणाच्या डबीत बंद करा, वजन करा, १०५ अंश सेल्सियसला २४ तास वाळवा आणि पुन्हा वजन करा. १३० ग्रॅमची माती १०० झाली, तर ओल ३० टक्के. भागायचं कोरड्या वजनाने; ओल्या वजनाने भागलं की उत्तर २३ येतं आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

पण हे तीसही सगळे झाडाचे नाहीत. भारी काळ्या जमिनीत निचऱ्यानंतर समजा ३६ टक्के ओल टिकते आणि १८ टक्क्यांवर झाड असं कोमेजतं की रात्रीतही सावरत नाही. मधले १८ टक्के म्हणजे ‘उपलब्ध ओलावा’. आपल्या नमुन्यात त्यातले १२ उरलेत. हलक्या रेताड जमिनीत मात्र एकूण ओल १८ टक्के असती, तरी ती भरपूर झाली असती.

पाठ्यपुस्तकं निचऱ्यानंतरच्या त्या वरच्या मर्यादेलाच ‘वाफसा’ म्हणतात. हलक्या जमिनीत ते बरंचसं जुळतं. काळ्या जमिनीत ३६ टक्क्यांना माती अजून फणाला चिकटते, शेतकऱ्याचा वाफसा त्यानंतर येतो. माझ्या मते शब्द शेतकऱ्याच्याच अर्थाने वापरावा आणि मर्यादेला ‘जलधारण क्षमता’ म्हणावं.