आधी ऐकायला बसा

भाऊ, प्रार्थनेत देवाचं ऐकायला शिकायचं, तर सुरुवातीला पहाटेची 10 मिनिटंच ठेवा, शेतावर निघण्याआधी. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातली 8-10 वचनं सावकाश, मोठ्याने दोनदा वाचा. मग 5 मिनिटं गप्प. मन भरकटणारच; वचनातला एक शब्द मनात धरून परत या. शेवटी वहीत एकच ओळ लिहा.

नव्याची पहिली चूक म्हणजे सगळा वेळ मागण्यांतच घालवणं. दुसरी जास्त घातक: मनात आलं ते लगेच ‘देवाने सांगितलं’ म्हणून दुसऱ्यावर लादणं. देवाने हाक मारली तेव्हा लहानगा शमुवेलही तीनदा याजक एलीकडेच धावला. हाक कुणाची हे एलीने ओळखलं (1 शमुवेल 3). म्हणून मोठा निर्णय असेल तर मंडळीतल्या (चर्चमधल्या) जाणत्याला विचारा.

घरभेटीत हेच कान वापरा. समोरचा अहिराणीत, भिलीत, पावरीत, ज्या भाषेत मोकळा होतो, तीत बोलू द्या.

- मध्येच वचन सांगू नका. दुखावलेल्याला ते गप्प करतं.
- ‘म्हणजे तुम्हाला असं वाटतं का?’ असं विचारून खात्री करा.
- ऐकलेलं प्रार्थनासभेत ‘विनंती’ म्हणून त्याच्या परवानगीशिवाय सांगू नका. विश्वास इथेच तुटतो!

उपास, दीर्घ मौन सध्या राहू द्या. याकोब 1:19 मात्र पाठ करा: ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश असा.